मानशीचं दार

कागद घेऊन आलेल्या फिरंगी कारकुनाने विचारलं,
तुमची जमीन संपते कुठे?
दुभाष्याने प्रश्न आपल्या बोलीत आणेपर्यंत
पाणी चार बोटं वर चढलं होतं.
फोंडू म्हणाला, आत्ता विचारता, की सुकतीला?

हे आमच्या घरात सांगतात. खरं किती ते देवाला ठाऊक,
आणि देव तर त्यानंतर वीसेक वर्षांनी
होडीत बसून निघून गेला.

दिवाडी म्हणजे तरी काय,
मांडवीने तोंडात धरून ठेवलेला घास,
गिळलेला नाही, थुंकलेलाही नाही.
घाटातून ती गोड उतरते,
खालून समुद्र तिला खारवत येतो.
दोघांच्या हुज्जतीत जो गाळ खाली बसला
त्याला आमच्यापैकी कुणीतरी बांध घातला,
आत कोरगूट पेरलं.
कोरगुटाला थोडं मीठ चालतं. फार नाही.
किती, ते मानस ठरवते.

मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार.
भरतीने आपोआप मिटतं, ओहोटीने उघडतं,
असं म्हणतात.
प्रत्यक्षात फळीत फांदी अडकते,
खेकडे बांध पोखरतात,
आणि अवसे-पुनवेला कुणालातरी
पेटती चूड घेऊन कंबरभर चिखलात उभं राहावं लागतं.
तो कुणीतरी म्हणजे फोंडू.

कारकून लिहीत गेला. गावकार किती, माड किती,
देवळाकडे शेत किती, आधी पट्टी कुणाला भरत होता?
विजापूरला.
त्याच्या आधी?
फोंडू डोकं खाजवून म्हणाला,
पैसे घोड्यावरचा माणूस नेतो. घोडे बदलतात.
दुभाष्याने याचं काय केलं, कोण जाणे.
कारकुनाने मान डोलावली आणि शाईत बोरू बुडवला.
या खेपेला घोडा नव्हता, गलबत होतं.

मग ती वर्षं आली.
देवळाचे चिरे उतरले, दुसऱ्या भिंतींत चढले.
धाकटा शाणू रात्री होडी घेऊन आला.
होडीत आई, तुळशीची माती,
आणि तांदळाच्या पोत्याखाली झाकलेला देव.
चल, म्हणाला.
फोंडूने वर पाहिलं. पुनव.
उधाण यायला दोन घटका होत्या.
दार कोण लावणार?

एवढंच बोलला. पुढे चारशे वर्षं
आमच्याकडचे त्याला भित्रा म्हणाले, लोभी म्हणाले.
मी पंच नव्हे.
त्या रात्री दार लागलं, इतकं मला कळतं.
सकाळी शेतात खारं पाणी नव्हतं,
आणि पुढच्या पेरणीआधी तो बास्त्यांव झाला होता.
आडनाव धर्मबापाचं, दौराद.
त्या माणसाला त्याने एकदाच पाहिलं, तेही पाठमोरं.

आम्ही शाणूचे.
जाताना देवाबरोबर गावाचं नावही नेलं,
म्हणून नार्वे या काठाला, नार्वे त्याही काठाला.
मधे फेरीबोट. एक विडी ओढून होते एवढं अंतर.

परवा गेलो. जमिनीच्या कामाला, खोटं कशाला बोलू.
कायतान दौराद बांधावर बसला होता,
बहात्तर वर्षांचा, गुडघ्यापर्यंत वाळलेला चिखल.
कूळ मुंबईला, मुलगा लिस्बनला, फळ्या कुजलेल्या.
शेतात आता तिवर उगवलंय, बगळे बसतात.
खनिजाच्या बार्जेस जातात तेव्हा लाटा बांधाला लागतात,
ढेकूळ सुटतं, सुटलेलं कळतही नाही.
मी कागद काढला. त्याने पाहिला नाही.
तो पाण्याकडे बघत होता,
आणि पाणी, तळव्याएवढं, फळीच्या फटीतून
आत यायला लागलं होतं.

दाराचं एक टोक त्याने खांद्यावर घेतलं.
धर रे, म्हणाला.
मी चपला काढल्या.